सूर्ययोद्ध्यांचं ओसाड नगर

[दृश्य: समुद्र. क्षितिजावर हिरवं रान. रानातून वर डोकावणारं दगडी शिखर.]

रानाने वेढलेलं एक शहर. पायऱ्यापायऱ्यांनी वर चढत गेलेली देवळं, दगडांच्या सांध्यांत घुसलेली मुळं, आणि माणसाची चाहूल कुठेच नाही. सूर्ययोद्ध्यांचं हे नगर. ही जमात हजारो वर्षांपूर्वीच नामशेष झाली, असं बाहेरच्या जगाने केव्हाच धरून चाललेलं आहे.

'अवतार: द लास्ट एअरबेंडर' ही ॲनिमेशन मालिका निकेलोडियनवर २१ फेब्रुवारी २००५ ला सुरू झाली आणि १९ जुलै २००८ ला संपली. मायकल दान्ते डिमार्टिनो आणि ब्रायन कोनिएत्झ्को या दोघांनी ती घडवली. एकूण भाग ६१. हे नगर आपल्याला दिसतं ते शेवटाच्या अगदी जवळ, तिसऱ्या पर्वाच्या तेराव्या भागात. मालिका संपायला चार दिवस उरले असताना, १५ जुलैला तो दाखवला गेला. लढाई तोंडावर आलेली, आणि कथा वाट वाकडी करून एका पडक्या गावात शिरते. मला तरी हे वळण अख्ख्या मालिकेतलं सर्वांत मोलाचं वाटतं.

[दृश्य: कड्याखाली उलटं लटकलेलं पश्चिमेचं वायुमंदिर. अंगणात झूको. मुठीतून निघालेली इवलीशी ज्योत.]

इथवरची गोष्ट थोडक्यात सांगतो. चार लोकसमूहांचं जग. त्यातल्या अग्निराष्ट्राने बाकीच्यांवर लादलेलं युद्ध शंभर वर्षं चालू आहे. ते थांबवायचं तर आंग नावाच्या बारा वर्षांच्या पोराला चारही तत्त्वं वश करायला हवीत. वारा, पाणी, माती झाली, आता आग राहिली. शिकवायला पुढे आलाय झूको, अग्निराष्ट्राचा राजपुत्र. दोन पर्वं हाच आंगच्या मागावर होता. आता बाजू बदलून आलाय, आणि नेमकी त्याचीच आग गेली आहे. वार करायला जातो तर मुठीतून फुसकी ज्योत निघते. इतकी वर्षं त्याची आग रागावर जळत होती. राग सरला, तसं सरपणही सरलं.

शिष्याचीही अडचण आहेच. पहिल्या पर्वात आग शिकायच्या उतावळेपणात आंगने आपली सोबतीण कतारा हिचे हात भाजले होते. तेव्हापासून तो आगीला हात लावत नाही. गुरूचा विस्तव विझलेला, आणि शिष्य तो पेटवायला भ्यालेला.

वाट दाखवते टॉफ, त्यांच्यातली आंधळी मुलगी. माती वळवायला ती माणसांकडून शिकलीच नाही. जमिनीखाली राहणाऱ्या बॅजरमोल नावाच्या आंधळ्या प्राण्यांकडून शिकली. तुम्हीही मुळाशी जा, म्हणते. आगीचे मूळ गुरू ड्रॅगन. पण ते उरलेले नाहीत. मग त्यांच्याकडून पहिल्यांदा शिकलेली माणसं, सूर्ययोद्धे. तेही उरलेले नाहीत. पण गाव आहे. अप्पा या सहा पायांच्या उडत्या गव्याच्या पाठीवर बसून दोघं निघतात.

[दृश्य: दगडी चौक. झूकोचा हात भिंतीवरून फिरतो.]

इथे आल्यावर झूको एक गोष्ट बोलतो. हे अवशेष पुरातन आहेत, तरी कुठेतरी ओळखीचे वाटतात. आपल्या अग्निपुजाऱ्यांची मंदिरं यांच्यातूनच आली असणार. ज्या राज्याने शंभर वर्षं जग जाळलं, त्याचं आजोळ इथे रानात पडलंय, आणि राजपुत्राला ते आज पहिल्यांदा कळतंय.

दोन पावलं पुढे जातात तोच आंगच्या पायाला ताणलेली दोरी लागते. समोरची जमीन सरकते, खाली खिळ्यांचा खड्डा. वाऱ्याच्या जोरावर आंग वाचतो. झूको थक्क होतो: हा सापळा शतकांपूर्वीचा असणार, आणि अजून चालतो!

इथे व्हिडिओ थांबवा आणि ती दोरी पाहा. दमट रान आहे. आपल्याकडे विहिरीवरचा सोल दोन पावसाळे काढत नाही. हजारो वर्षांची दोरी ताठ राहते? कुणीतरी ती बदलतंय. या गावाचं सगळं गुपित त्या दोरीत आहे. पहिल्यांदा पाहताना ते माझ्याही लक्षात आलं नव्हतं.

[दृश्य: बंद दार. दारावर सूर्यमणी. छतातून येणारा उन्हाचा कवडसा.]

पुढे एक बंद दार. झूको ओळखतो की ही कालगणनेची रचना आहे. वर्षातल्या एकाच दिवशी, अयनदिनाला, सूर्यकिरण ठरल्या कोनातून मण्यावर पडला की दार उघडणार. तेवढा वेळ दोघांकडे नाही. मग झूको तलवार उपसतो, पात्यावर कवडसा झेलतो आणि मण्यावर वळवतो. दार उघडतं.

ही कल्पना हवेतली नाही. मेक्सिकोत युकातानमध्ये चिचेन इत्झा हे माया लोकांचं शहर आहे. तिथल्या पिरॅमिडला चारी बाजूंना ९१-९१ पायऱ्या, वरचा चौथरा धरून ३६५. वर्षातून दोनदा, दिवस-रात्र समान होतात त्या सुमारास, मावळतीचं ऊन पायरीकाठावर अशा सावल्या पाडतं की एक नाग खाली सरपटत येतोय असं दिसतं. मेक्सिको सिटीच्या मुख्य चौकात १७९० साली ॲझ्टेकांचा सूर्यपाषाण सापडला. साधारण ३.६ मीटर व्यासाची ती कोरीव शिळा आज तिथल्या मानववंशशास्त्र संग्रहालयात आहे. सूर्ययोद्ध्यांच्या चौकातून फिरताना या शहरांची आठवण पावलोपावली येते. आणि तिथेही गोष्ट तीच आहे. माया शहरं रानात गेली, पण माया लोक कुठेही गेले नाहीत. मेक्सिको आणि ग्वाटेमालात आजही लाखो लोक माया कुळातल्या भाषा घरात बोलतात.

[दृश्य: दालन. वर्तुळात उभे दगडी पुतळे, प्रत्येकाची मुद्रा वेगळी.]

आता या नगरातली मला सर्वांत प्रिय जागा. एक गोल दालन आणि वर्तुळात उभे पुतळे. एकाचा पाय उचललेला, दुसऱ्याचे हात फाकलेले, तिसरा खाली वाकलेला. प्रत्येक पुतळा म्हणजे एकाच हालचालीचा एकेक क्षण. आंगला ते आधी उमगतं. तो झूकोला समोरच्या बाजूला उभा करतो. दोघं दोन टोकांनी निघतात, पुतळ्यामागून पुतळ्याची मुद्रा घेत, आणि पायाखालची फरशी एकेक दबत जाते. शेवटी दोघांच्या मुठी एकमेकींना भिडतात.

थोडा विचार करा. या लोकांनी आपली विद्या ग्रंथात लिहून ठेवली नाही. शरीराची विद्या शरीरातच राखायची म्हणून दगडाला शरीर दिलं. वाचून ती कळत नाही, करावी लागते. आणि एकट्याने करता येत नाही. झूको एकटा आला असता तर ते दालन मुकंच राहिलं असतं. दुसऱ्या बाजूने कुणीतरी चालत यावंच लागतं.

या मालिकेत प्रत्येक तत्त्वाला खऱ्या चिनी युद्धकलेचा पाया आहे. पाण्याला ताई ची, मातीला हुंग गार, वाऱ्याला बा ग्वा, आगीला उत्तर शाओलिन. सिफू किसू हे युद्धकलेचे जाणकार सल्लागार म्हणून होते. म्हणून त्या पुतळ्यांच्या मुद्रांना वजन आहे. पाय कुठे रोवलाय, कंबर कुठे वळली आहे, सगळं नीट दिसतं. या क्रमाचं नाव नाचणारा ड्रॅगन. पुढे मित्र हसतात तेव्हा झूको ठासून सांगतो की हा नाच नाही.

[दृश्य: रात्र. चिकट रसात अडकलेले दोघं. वरच्या जाळीतून डोकावणारे चेहरे.]

नाच पुरा होताच मधोमध चौथरा वर येतो. त्यावर सोन्याचं अंडं. आंग नको म्हणत असताना झूको ते उचलतो, आणि दालन हिरव्या चिकट रसाने भरतं. रात्र होईपर्यंत दोघं छताच्या जाळीला चिकटून राहतात. मग वरून माणसं डोकावतात. रंगवलेले चेहरे, हातात भाले. सूर्ययोद्धे. जिवंत.

गाव ओस नव्हतं. ते ओस दिसत होतं, कारण तसं दिसण्यातच त्यांची सुरक्षितता होती. तट बांधला असता तर कुणीतरी तो फोडायला आलं असतं. इथे काही उरलेलं नाही, ही समजूतच त्यांचा तट झाली, आणि पिढ्यान् पिढ्या तो टिकला.

[दृश्य: पहाट. अखंड ज्योत. प्रमुखाच्या हातातून दोन ओंजळींत जाणारी आग.]

प्रमुख त्यांना एका ज्योतीपुढे नेतो. ड्रॅगनांनी माणसाला दिलेली ही पहिली आग, हजारो वर्षं तेवत ठेवलेली. त्यातला एकेक अंश दोघांच्या ओंजळीत देऊन तो सांगतो की ही घेऊन डोंगर चढा, वर रान आणि शॉ हे गुरू तुमची परीक्षा घेतील. लहान केलीत तर विझेल, मोठी केलीत तर हाताबाहेर जाईल.

आपल्याकडे काडेपेटी घरोघर येण्याआधी सकाळी शेजारच्या चुलीतला विस्तव गोवरीवर मागून आणायची रीत होती. वाऱ्याला आडोसा द्यायचा, पण कोंडायचा नाही. घाई करायची नाही, रेंगाळायचं नाही. आंगची चाल अगदी तशी आहे. आणि ज्याला आगीचं नाव काढलं तरी कताराचे भाजलेले हात आठवत होते, तो मुलगा ओंजळीकडे बघून म्हणतो, ही तर हृदयासारखी धडधडतेय. प्रमुख सांगतो, आग म्हणजे जीवनही आहे, नुसता नाश नाही.

वर दोन सुळके आणि मध्ये अरुंद पूल. दोन्ही टोकांना गुहा. सूर्य मावळतोय, शिंग फुंकलं जातं. आवाजाने दचकतो आणि आंगच्या हातातली ज्योत विझते. तो झूकोकडून थोडी मागायला जातो, त्या ओढाताणीत त्याचीही जाते. आणि तेवढ्यात गुहांतून दोन ड्रॅगन झेपावतात, एक तांबडा, एक निळा. गुरू म्हणून भेटणार होते ते हेच.

लढायचं नाही, हे आंगला सुचतं. दोघं पुन्हा तो क्रम सुरू करतात, आणि ड्रॅगन त्यांच्याभोवती तोच क्रम हवेत करू लागतात. दालनातले पुतळे कुणाची नक्कल करत होते ते आत्ता कळतं. शेवटी दोन्ही ड्रॅगन आग ओततात. ती भोवती गरगर फिरते, आणि तिच्यात हिरवा, जांभळा, निळा, सोनेरी असे रंग उसळतात. झूकोचा चेहरा त्या प्रकाशात न्हातो. पळापळ आणि पाठलाग सोडून त्याच्या डोळ्यांत आपण पहिल्यांदा नुसतं नवल पाहतो. माझे डोळे इथे दर वेळी भरून येतात.

[दृश्य: आयरोचं जुनं चित्र. मागे ड्रॅगनची सावली.]

एक धागा राहिला. ड्रॅगन संपले कसे? झूकोचा पणजोबा सोझिन याने त्यांच्या शिकारीची प्रथा पाडली. ड्रॅगन मारणाऱ्याला 'ड्रॅगन' ही पदवी, मोठा मान. शंभर वर्षांपूर्वी, आंग बर्फात गोठून पडण्याआधी, ड्रॅगन भरपूर होते. एका घराण्याच्या हौसेपायी ते गेले. शेवटचा ड्रॅगन मारला म्हणे झूकोच्या काकाने, आयरोने. म्हणूनच तो पश्चिमेचा ड्रॅगन. झूकोचा सर्वांत लाडका माणूस, आणि त्याच्या नावावर हे पाप.

प्रमुख उलगडा करतो. आयरोही इथे आला होता. गुरूंनी त्याला पारखलं आणि योग्य ठरवलं. त्याने कुणालाही मारलं नाही. खाली उतरून शेवटचा ड्रॅगन मीच मारला असं सांगितलं, म्हणजे पुन्हा कुणी शोधायला येणार नाही. त्याच्या नावाचा डंका वाजत राहिला, आणि ते त्याने मुकाट सोसलं. गावाच्या त्या न दिसणाऱ्या तटात एक दगड बाहेरच्या माणसाने लावला, तो हा.

[दृश्य: राजवाड्याचं अंगण. समोर अझुला, निळ्या ज्वाळा. झूको श्वास घेतो.]

चार दिवसांनी, मालिकेच्या अखेरीस, झूको आपल्या बहिणीसमोर उभा राहतो. या द्वंद्वाला त्यांच्याकडे 'अग्नी काई' म्हणतात. त्यातला पहिला शब्द आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. तिची आग निळी, रागाने फुललेली. त्याची आग शांत. पाय रोवलेले आहेत, श्वास खोल आहे. त्या दालनात मिळालेलं तो बरोबर घेऊन आलाय.

आणि २०१४ साली 'द लेजंड ऑफ कोरा' या पुढच्या मालिकेचं तिसरं पर्व आलं. कथेत सत्तर वर्षं उलटली आहेत. झूको आता पांढऱ्या दाढीचा म्हातारा. तो येतो ते एका तांबड्या ड्रॅगनवर बसून. त्याचं नाव द्रुक. भूतानचे लोक आपल्या देशाला द्रुक युल म्हणतात, गडगडाटी ड्रॅगनचा देश, तोच हा शब्द.

[दृश्य: ढगांतून उतरणारा द्रुक.]

दिवसाढवळ्या, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत तो उतरतो. म्हातारा त्याच्या मानेवरून हात फिरवतो.