काकूला कुणी विचारलंच नाही

श्रोतेहो, नमस्कार.

आजची तक्रार २००७ सालची आहे. इतकी जुनी, की आता लोणच्यासारखी मुरलीय.

स्पायडरमॅन म्हटलं की हल्ली आधी सिनेमा आठवतो. मी बोलतोय ते कॉमिकमधल्या पीटर पार्करबद्दल. स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको यांनी १९६२मध्ये जन्माला घातलेला, न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये काका-काकूंनी वाढवलेला, खिशात कायम खडखडाट असलेला पोरगा. एका चोराला त्यानं 'मला काय त्याचं' म्हणत जाऊ दिलं, आणि त्याच चोरानं त्याच्या बेनकाकाला मारलं. तेव्हापासून हा चुकतो आणि भरतो. १९७३मध्ये त्याची प्रेयसी ग्वेन पुलावरून पडली. यानं जाळं टाकून तिला वरच्या वर झेललंही, पण वर ओढली तेव्हा ती गेलेली होती. वाचणाऱ्याच्या घशात आवंढा यायचा, पण फसवणूक वाटायची नाही.

१९८७मध्ये त्याचं मेरी जेनशी लग्न झालं. वीस वर्षं संसार चालला. २००६मध्ये यानं कॅमेऱ्यांसमोर मुखवटा उतरवला, आणि मग व्हायचं तेच झालं: त्याच्यासाठी झाडलेली गोळी मे काकूला लागली. इथवर ठीक. केलेलं अंगाशी आलं.

मग आली 'वन मोअर डे' ही चार भागांची कथा. काकू बेशुद्ध, डॉक्टरांनी हात टेकलेले, आणि समोर उभा राहतो मेफिस्टो, म्हणजे साक्षात सैतान. म्हणतो, म्हातारीला वाचवतो. आत्मा नको, तुमचं लग्न द्या. आणि हे दोघं देतात! रात्रीचे बारा वाजतात, सकाळी पीटर काकूच्या घरी ब्रह्मचारी उठतो. लग्न झालंच नव्हतं. मुखवट्याआडचा चेहराही सगळे विसरले. मेलेला हॅरी मित्र परत, तो तर वर फुकट.

कारण काय, तर लग्न झालेला नायक वयस्क वाटतो, असं हे कॉमिक काढणाऱ्या मार्व्हल कंपनीचे तेव्हाचे मुख्य संपादक जो केसाडा यांचं मत. बरं, मग घटस्फोट दाखवा? तर नाही, त्यानं तो आणखीच थोराड दिसेल. म्हणजे घटस्फोट वाईट, सैतानाशी सौदा चालेल! लेखक स्ट्राझिन्स्की यांना शेवटच्या दोन अंकांवरून स्वतःचं नाव काढायचं होतं. केसाडांनी समजूत घातली, म्हणून ते राहिलं.

लग्न मोडल्याचं मला तेवढं वाईट वाटत नाही, लग्नं मोडतात. पण आयुष्यभर रोखीनं चुकतं करणाऱ्या माणसाचं बिल इथं फाडून टाकलं. आणि ज्या काकूसाठी हा सगळा खटाटोप, तिला कुणी विचारलं?

तिचं उत्तर तर आधीच छापून झालं होतं. 'द अमेझिंग स्पायडरमॅन' मालिकेचा १९९५चा चारशेवा अंक मिळाला तर बघा. ती पीटरबरोबर एम्पायर स्टेट इमारतीवर जाते आणि शांतपणे सांगते, तू स्पायडरमॅन आहेस हे मला कधीचं ठाऊक आहे. मग घरी, आपल्या बिछान्यात, त्याच्या सोबतीत प्राण सोडते. पुढे कंपनीनं तेही फिरवलं. म्हणे ती खरी काकू नव्हतीच, हुबेहूब रूप दिलेली एक नटी होती.

नटी तर नटी. मरायचं कसं, ते तिला पीटरपेक्षा चांगलं कळत होतं.

नमस्कार.