हरलो, पण का हरलो?

नमस्कार श्रोतेहो. मे महिन्यात नागपुरात दुपारी १२ ते ५ घराबाहेर पडायची सोय नसते. मग घरोघरी कूलर सुरू होतो आणि त्याच्यासमोर कुणी मोबाइल घेऊन बसतं, कुणी लॅपटॉप. त्यावर खेळल्या जाणाऱ्या काही गेम्सबद्दल आज बोलायचं आहे. गेमची पारख करताना माझा निकष एकच आहे: हरल्यावर आपण का हरलो, हे खेळाडूला कळतं का? कळलं तर तो पुन्हा बसतो आणि आधीपेक्षा बरा खेळतो. नाही कळलं तर नुसती चिडचिड होते. ग्राफिक्स, किंमत, गाजावाजा या सगळ्याचा विचार त्यानंतर.

या निकषावर मिनी मेट्रो सगळ्यात वर बसतो. न्यूझीलंडच्या डायनासोर पोलो क्लब या छोट्या चमूचा हा गेम २०१५ मध्ये पूर्ण रूपात आला. मोबाइलवरही चालतो, कॉम्प्युटरवरही. पडद्यावर एक नदी आणि तीन स्टेशनं असतात: एक गोल, एक त्रिकोणी, एक चौकोनी. प्रवासीही त्याच आकारांचे. त्रिकोणी प्रवाशाला कुठलंही त्रिकोणी स्टेशन चालतं. बोट फिरवून स्टेशनं जोडली की गाडी धावू लागते. गाडीत ६ जण मावतात, स्टेशनावरही ६ जण. त्याहून जास्त साठले की स्टेशनाभोवती एक वर्तुळ भरू लागतं, आणि ते पूर्ण भरलं की खेळ संपतो. संपताना गेम नेमकं तेच स्टेशन मोठं करून दाखवतो. हरण्याचं कारण शोधायला कुठे जावं लागत नाही.

आता चूक कुठे होते ते बघा. आपल्या नागपूर मेट्रोत खापरी ते ऑटोमोटिव्ह चौक ही ऑरेंज लाइन आणि प्रजापतीनगर ते लोकमान्यनगर ही ॲक्वा लाइन सीताबर्डीला एकमेकींना छेदतात. नवा खेळाडू हेच डोक्यात ठेवतो आणि तिसरी, चौथी, पाचवी लाइनही त्याच एका स्टेशनातून नेतो. दोन लाइनींना ते ठीक आहे. पाच लाइनी आल्या की प्रत्येक गाडी आपले गाडी बदलणारे प्रवासी तिथेच ओतते आणि पुढची गाडी येईपर्यंत फलाट तुंबतो. म्हणून लाइनी दोन-तीन वेगवेगळ्या ठिकाणी एकमेकींना भेटू द्या. मुख्य स्टेशनाला इंटरचेंज (स्टेशन मोठं करणारी वस्तू) मिळाला तर त्याची क्षमता ६ वरून १८ होते, तो तिथेच वापरा.

दुसरी चूक जास्त फसवी आहे. नकाशावर गोल स्टेशनं सगळ्यात जास्त उगवतात. जवळ आहेत म्हणून चार गोल स्टेशनं ओळीने जोडली, की त्रिकोणाकडे निघालेले प्रवासी जागा अडवून बसून राहतात, उतरत कुणीच नाही आणि पुढच्या स्टेशनांवरून गाडी भरलेलीच जाते. लाइन ओढताना गोल, त्रिकोण, गोल, चौकोन असे आकार आलटून पालटून घ्या, लाइन थोडी वाकडी झाली तरी चालेल. गेममधल्या दर रविवारी एक इंजिन मिळतं आणि सोबत दोनपैकी एक वस्तू निवडायची असते. सुरुवातीच्या आठवड्यांत नवी लाइन घ्या, नदी आडवी येत असेल तर बोगदा. डबा जोडला की गाडीत आणखी ६ जागा होतात, पण गाडी उशिराच येते. दुसरं इंजिन लावलं तर गाड्या लवकर येतात. आणि पॉजचं बटण विसरू नका. वेळ थांबवून अख्खा नकाशा पुसून नव्याने काढता येतो, त्याला दंड नाही. कुठल्या तरी स्टेशनाचं वर्तुळ भरू लागलं की पहिलं बोट तिथेच जायला हवं.

यानंतर स्टारड्यू व्हॅली. एरिक बॅरोन या एकट्या माणसाने चार वर्षांहून अधिक काळ खपून केलेला हा शेतीचा गेम २०१६ मध्ये आला. विदर्भातल्या माणसाला यातली धाकधूक समजवावी लागत नाही. इथे ऋतू २८ दिवसांचा असतो आणि ऋतू बदलला की त्या ऋतूचं उभं पीक वाळून जातं. पहिल्या वसंतात नवे खेळाडू याच ठिकाणी पैसे घालवतात. फ्लॉवर तयार व्हायला १२ दिवस लागतात, म्हणजे १६ तारखेनंतर लावलेला फ्लॉवर हाती येत नाही. पार्स्निप या गाजरासारख्या कंदाला ४ दिवस, तो २४ तारखेपर्यंत लावता येतो. १३ तारखेच्या अंड्यांच्या जत्रेत स्ट्रॉबेरीचं बी १०० नाण्यांना मिळतं. त्याच रात्री लावलं तर २१ आणि २५ तारखेला दोन तोडे मिळतात. जत्रेसाठी पैसे राखून ठेवा.

दम संपणं ही दुसरी अडचण. सुरुवातीला अंगात २७० एकक शक्ती असते आणि प्रत्येक रोपाला पाणी देताना २ खर्च होतात. ६० रोपं लावलीत तर रोज सकाळी १२० तिथेच गेले, मग खाणीत उतरायला बळ कुठून राहणार? तांब्याची झारी केली की एका दमात तीन रोपं भिजतात, पण ती घडवायला लोहार दोन दिवस घेतो. म्हणून रोज टीव्हीवर हवामानाचा अंदाज बघा. उद्या पाऊस आहे असं कळलं की आज पाणी देऊन झाल्यावर, दुपारी ४ च्या आत, २००० नाणी आणि तांब्याच्या ५ कांड्या घेऊन लोहाराकडे जा. पावसाच्या दिवशी पाणी द्यावं लागत नाही, परवा झारी तयार. कॉम्प्युटरवर हा गेम फक्त झोपल्यावर सेव्ह होतो, हेही लक्षात असू द्या. घरातली वीज जायच्या दिवसांत संध्याकाळी अर्धवट सोडून उठलात तर तो अख्खा दिवस पुन्हा खेळावा लागेल.

सेलेस्ट हा मॅडी थॉर्सन आणि नोएल बेरी यांचा २०१८ चा गेम. एक मुलगी डोंगर चढते, एवढंच कथानक वरून दिसतं. आत मनाच्या घालमेलीची गोष्ट आहे आणि ती फार हळुवारपणे सांगितली आहे. मुलीला हवेत आठ दिशांना एकदाच झेपावता येतं. झेप वापरली की तिचे लाल केस निळे होतात आणि जमिनीला पाय लागला की पुन्हा लाल. कोपऱ्यातला आकडा वाचण्याची गरजच पडू नये, इतकी ही खूण नेमकी आहे. कड्यावरून पाय सुटल्यावरही साधारण ०.१ सेकंद उडी मारता येते, त्यामुळे ‘मी तर बटण दाबलं होतं’ ही तक्रार फारशी उरत नाही. मरण आलं की त्याच पडद्यावर लगेच परत. फारच अडलात तर असिस्ट मोड सुरू करा: वेग ५० टक्क्यांपर्यंत खाली आणता येतो, दम न संपणारा करता येतो. लहान भावंडांना हा मोड लावून देण्यात कमीपणा मानू नये.

हॉलो नाइट (२०१७) आणि त्याच्या पुढचा सिल्कसाँग, जो ४ सप्टेंबर २०२५ ला आला, हे ऑस्ट्रेलियातल्या टीम चेरीचे गेम. पहिल्यात बहुतेक जण वाट चुकूनच कंटाळतात, आणि त्याचं कारण गेम तोंडाने सांगत नाही. नकाशा विकत घ्यावा लागतो. तो पुढे भरत जाण्यासाठी १२० जिओची (जिओ म्हणजे या गेममधले पैसे) लेखणी लागते, आणि आपण कुठे आहोत ते दिसायला २२० जिओचं होकायंत्र. बाकावर बसल्याशिवाय नवा भाग नकाशावर उमटत नाही. पहिले पैसे याच दोन वस्तूंवर खर्च करा. मेलात तर सगळा जिओ तिथेच आपल्या सावलीपाशी राहतो. तो परत घेण्याआधी पुन्हा मेलात तर गेला.

सिल्कसाँगमध्ये मात्र जुन्या खेळाडूंचीच फजिती होते. पहिल्या गेममध्ये उडी मारून खाली वार केला की तो सरळ खाली जायचा. इथे सुरुवातीला तो तिरका जातो. जुन्या सवयीने शत्रूच्या बरोबर डोक्यावर थांबून वार केलात तर तो हुकतो. थोडं मागे राहून उडी घ्या. पुढे वॉन्डरर क्रेस्ट (लढण्याची वेगळी पद्धत देणारं चिन्ह) मिळाला की सरळ वार परत येतो. जखम भरण्याचा हिशेबही बदलला आहे: आधी एकेक मुखवटा (म्हणजे जिवाचं एक माप) भरायचा, आता एकदम तीन भरतात, पण त्यासाठी रेशमाचे ९ धागे लागतात. एक मुखवटा गेला म्हणून लगेच धागे उधळू नका, दोन-तीन जाईपर्यंत धीर धरा.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा राजी २०२० चा. राजस्थानी वाडे, भिंतींवरची चित्रं, हातातला त्रिशूळ, हे सगळं पाहून ऊर भरून येतो आणि आपल्या माणसांनी हे केलं याचा अभिमान वाटतो. माझ्या निकषावर मात्र तो कमी पडतो. कॅमेरा खेळाडूच्या हातात नाही. तो दूर एका जागी असतो, त्यामुळे उडीचं अंतर नीट जोखता येत नाही आणि पडल्यावर चूक आपली की कोनाची, हे कळत नाही. गोष्टही मध्येच थांबते. तरी एकदा जरूर खेळावा.

आता बीजीएमआय, म्हणजे बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया हा गोळीबाराचा गेम, कारण नागपुरातली निम्मी पोरं हाच खेळतात. सेटिंगमध्ये डेथ रिप्ले सुरू करून ठेवा, गोळी कुठून आली ते मेल्यावर बघता येतं. पण उन्हाळ्यात हरण्याचं कारण पुष्कळदा त्या रिप्लेत दिसतच नाही. ते फोनमध्ये असतं. ॲपलने आपले फोन ० ते ३५ अंशांच्या हवेत वापरायला सांगितलं आहे, आणि आपल्याकडे मेमध्ये पंख्याखालच्या खोलीतही पारा त्याच्या वर असतो. फोन तापला की प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो आणि पडदा मंद होतो. सेकंदाला ६० फ्रेम्सवर प्रत्येक चित्र सुमारे १६.७ मिलिसेकंद टिकतं, ३० वर ३३. चकमक ऐन रंगात आल्यावर फोन एकावरून दुसऱ्यावर घसरला की नेम चुकतो, कारण हाताला सवय पहिल्या वेगाची असते.

उपाय साधे आहेत. ग्राफिक्स स्मूथ ठेवा आणि फ्रेम रेट एक्स्ट्रीमऐवजी अल्ट्रा, म्हणजे ४०. वरखाली होणाऱ्या ६० पेक्षा स्थिर ४० कधीही बरे. जाड कव्हर काढा. चार्जिंगला लावून खेळू नका. चार्ज होताना बॅटरी तापते आणि खेळताना प्रोसेसर, दोन्ही उष्णता एकाच डबीत कोंडतात. आधी चार्ज करा, मग वायर काढून खेळा. तापलेला फोन फ्रिजमध्ये ठेवू नका, आत दव धरतं. कूलरचा वारा चालेल, पण ताट्यांतून तुषार उडत असतील तर चार हात लांब बसा.

लॅपटॉपवर खेळणाऱ्यांनी तो गादीवर ठेवू नये, खालची हवेची जाळी बुजते. मागच्या कडेखाली दोन जाड वह्या सरकवा. मार्चअखेरीस एकदा पंख्यातली धूळ काढून घ्या: मशीन बंद करा, बॅटरी सुटी होत असेल तर काढा, आणि ब्लोअर मारताना पंख्याचं पातं काडीने धरून ठेवा. नाहीतर तो हवेच्या झोताने गरगर फिरतो आणि त्याचं बेअरिंग खराब होतं.