बार्ली बदलली तर व्हिस्कीची चव बदलते का?

नमस्कार मंडळी. आज टेबलावर दोन ग्लास आहेत, दोन्ही एकाच घरचे. स्कॉटलंडच्या आयला बेटावरची ब्रुकलाडी डिस्टिलरी. दोन्हींत अल्कोहोल 50 टक्के आणि दोन्ही बिनधुराच्या, म्हणजे बार्ली वाळवताना तिला धूर न दिलेल्या. डावीकडे त्यांची नेहमीची क्लासिक लाडी, उजवीकडे बेअर बार्ली. आणि हो, महाराष्ट्रात व्हिस्कीसाठी वय 25 पूर्ण लागतं, परवानाही लागतो. त्याआधीच्यांनी आज फक्त ऐकायचं.

बेअर ही बार्लीची गावरान जात, स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटांवर शेकडो वर्षं टिकून राहिलेली. तिच्या कणसात दाण्यांच्या सहा रांगा असतात. आजच्या स्कॉच माल्टसाठी, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या बार्लीच्या स्कॉटिश व्हिस्कीसाठी, वापरतात ती बार्ली दोन रांगांची. ऑर्कनीचा उन्हाळा तोकडा, पण बेअर उशिरा पेरली तरी साधारण तीन महिन्यांत काढणीला येते. बर्सी गावच्या बॅरनी मिलमध्ये आजही पाणचक्कीवर तिचं पीठ दळतात आणि तिथले लोक त्याच्या बॅनक, म्हणजे जाड चपट्या भाकऱ्या, करून खातात.

एवढी काटक, मग डिस्टिलरीवाल्यांनी ती सोडली का? कारण ती उंच वाढते आणि वाऱ्यात लोळते. उतारा आधुनिक वाणांच्या निम्म्यावर. त्यात दाण्यात प्रथिनं जास्त, स्टार्च कमी. स्टार्चची साखर होते आणि साखरेचं अल्कोहोल, म्हणजे शेतात तोटा झाला तो भट्टीतही झालाच. असा आतबट्ट्याचा व्यवहार ब्रुकलाडीने जाणूनबुजून केला, ऑर्कनी कॉलेजच्या अ‍ॅग्रॉनॉमी इन्स्टिट्यूटला सोबत घेऊन.

चला, वास घेऊ. (डावा ग्लास उचलतो.) क्लासिक लाडी: लिंबाची साल, मध, थोडी फुलं. छान, मोकळी. (उजवा ग्लास.) इथे फुलं मागे गेली. पुढे आलं ते धान्य. तव्यावर कोरडं पीठ भाजताना जो खमंग वास सुटतो ना, तो. मध आहे, पण दबलेला.

आता बेअर बार्लीचा घोट. 50 टक्के आहे, घाई नको. (थांबतो.) जिभेवर जाड बसते, तेलकट म्हणावी इतकी. मधोमध बिस्किटासारखा गोडवा, शेवटी किंचित तुरटपणा, आणि तो रेंगाळतो. अर्धा चमचा पाणी घातलं की लिंबू परत येतं. मला पाण्यासकट जास्त आवडली.

पण हा फरक बार्लीचाच, असं मी छातीठोक सांगणार नाही. क्लासिक लाडीत वेगवेगळ्या पिंपांतली व्हिस्की एकत्र केलेली असते, आणि पिंपाचं लाकूड बरंच काही झाकतं, बरंच काही घालतं. म्हणूनच आयर्लंडमध्ये वॉटरफर्ड डिस्टिलरीच्या पुढाकाराने झालेला, 2021 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास मला महत्त्वाचा वाटतो. त्यांनी ऑलिंपस आणि लॉरिएट ही दोन वाणं दोन वेगळ्या ठिकाणी पिकवली आणि तपासलं ते पिंपात न गेलेलं, ताजं स्पिरिट. त्यात शेताचा आणि हवामानाचा ठसा सापडला. मुद्दा निकाली निघाला असं नाही, पण ‘सगळी चव लाकडाचीच’ म्हणणाऱ्यांना आता जरा जपून बोलावं लागेल.

आपल्या शेजारचंच उदाहरण द्यायचं तर गोव्याची पॉल जॉन. तीही सहा रांगांच्या भारतीय बार्लीची, आणि तिथे तो प्रयोग नाही, रोजचा कच्चा माल आहे. तोंडात तसाच भरीवपणा येतो. पण गोव्याच्या उकाड्यात व्हिस्की पिंपात फार झपाट्याने मुरते, त्यामुळे तिची आयलाशी तुलना करून बार्लीबद्दल काही ठरवता येत नाही.

विकत घ्यायची का? सिंगल माल्टमध्ये, म्हणजे एकाच डिस्टिलरीच्या माल्ट व्हिस्कीत, नवीन असाल तर आधी क्लासिक लाडी. ती ओळखीची झाली असेल, तर बेअर बार्ली जरूर. आणि बाटली घेणार असाल तर दोन-तीन मित्रांत वर्गणी काढा, कारण दोन्ही शेजारी ठेवून प्यायल्याशिवाय हिची गंमत कळत नाही.