चंद्रभागेच्या काठची मोजदाद

श्रोतेहो, नमस्कार.

चंद्रभागा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पंढरपूर उभं राहतं. भीमा तिथे चंद्रकोरीसारखी वळते, म्हणून ती चंद्रभागा. याच नावाची आणखी एक नदी हिमाचल प्रदेशात आहे. बारालाचा खिंडीच्या दोन अंगांनी चंद्रा आणि भागा निघतात, तांडी गावापाशी एकमेकींना मिळतात आणि खाली जाऊन त्यांचीच चिनाब होते. हा संगम लाहौल-स्पिती जिल्ह्यात आहे. तिथल्या माणसांविषयी आज बोलायचं आहे.

जिल्हा आपल्या नाशिकपेक्षा जरासाच लहान. २०११ च्या जनगणनेत नाशिक जिल्ह्यात ६१ लाख माणसं मोजली गेली. लाहौल-स्पितीत ३१,५६४. चौरस किलोमीटरमागे दोन माणसं! २००१ साली ती ३३,२२४ होती, म्हणजे दहा वर्षांत माणसं कमी झाली. जिल्ह्यात शहर एकही नाही. केलाँग हे मुख्यालयसुद्धा जनगणनेच्या लेखी गावच.

तिथली मोजणीही निराळ्या वेळी होते. देशात फेब्रुवारीत प्रगणक दारोदार फिरले, तेव्हा इथलं काम आदल्या सप्टेंबरातच उरकलं होतं, कारण नंतर बर्फ. मनालीकडून येणारी रोहतांग खिंड बंद झाली की लाहौल कित्येक महिने तुटायचं. २०२० च्या ऑक्टोबरात नऊ किलोमीटरचा अटल बोगदा खुला झाला आणि लाहौलचा हिवाळा बदलला. जिल्ह्याचा दुसरा भाग, स्पिती, मात्र कुंझुम खिंडीच्या पलीकडे आहे, तिथवर हा बोगदा पोचत नाही.

आता धर्म. शंभरातले सुमारे ६२ बौद्ध, सुमारे ३६ हिंदू. कागदावर रेघ स्पष्ट दिसते. पण त्रिलोकनाथच्या देवळात जा. पांढऱ्या दगडाची एकच मूर्ती. हिंदू तिला शिव म्हणून हात जोडतो, बौद्ध करुणेचा बोधिसत्त्व अवलोकितेश्वर म्हणून. मूर्तीच्या मस्तकावर अमिताभ बुद्धाची छोटी आकृती आहे. ऑगस्टात पोरीची जत्रा भरते, तेव्हा दोघंही येतात. जवळच उदयपूरला मृकुला देवीचं लाकडी देऊळ आहे. तिथल्या कोरीवकामात रामायण-महाभारतातले प्रसंग आहेत आणि बुद्धावर चालून आलेला मार, म्हणजे मोहात पाडणारा असुर, हाही आहे. अस्थी विसर्जनासाठी तांडीच्या संगमावर दोन्ही धर्मांची माणसं येतात. जनगणनेचा प्रश्न मात्र एकच उत्तर मागतो. ते उत्तर खोटं नसतं, पण त्या घराबद्दल फार थोडं सांगतं, असं मला वाटतं. स्पितीत चित्र जास्त एकरंगी आहे: ताबोचा मठ इसवी सन ९९६ चा, आणि जगणं सगळं मठांच्या आधाराने चाललेलं.

माझा जीव खरा अडकतो तो भाषांपाशी. चंद्रभागेच्या पट्टन खोऱ्यात पट्टनी, केलाँगच्या बाजूला भागा खोऱ्यात गाहरी, चंद्रा खोऱ्यात गोंधळा परिसरात तिनन, आणि स्पितीत तिबेटी वळणाची भोटी. या सगळ्या तिबेटो-बर्मी कुळातल्या. चिनाली आणि लोहारी या दोन भाषा मात्र आपल्या मराठीसारख्याच आर्य कुळातल्या, मूठभर घरांत उरलेल्या. एवढ्याशा वस्तीत इतक्या भाषा!

आणि जनगणनेच्या तक्त्यात? तिथे ‘लाहौली’ असं एक नाव दिसतं. माणूस जे सांगतो ते प्रगणक लिहून घेतो, पण पुढे वर्गीकरण होतं, आणि देशभरात दहा हजारांहून कमी लोक बोलत असतील तर त्या भाषेला स्वतःची ओळ मिळत नाही. ज्या जिल्ह्याची सगळी वस्तीच तीस-एकतीस हजार, तिथे तिनन बोलणाऱ्यांनी दहा हजार आणायचे कुठून? हा नियम मला अन्यायाचा वाटतो. शाळेची भाषा हिंदी, बाजाराची हिंदी. हिवाळ्यात बरीच कुटुंबं कुल्लूकडच्या घरी उतरतात, तिथेही मुलांच्या कानावर हिंदीच. आजीची गाहरी नातवाला कळते, पण उत्तर हिंदीत येतं. आपल्याकडेही कितीतरी घरांत हे घडतंय, तुम्ही पाहिलं असेल.

पुढच्या जनगणनेसाठी अशा बर्फाळ भागांची संदर्भ तारीख १ ऑक्टोबर २०२६ ठरवली आहे. बोगद्यातून मनालीहून आता आपल्याकडचेही पुष्कळ पर्यटक तिकडे जातात. तुम्ही गेलात तर ‘जुले’ म्हणून नमस्कार करा, आणि चहा देणाऱ्या मावशींना विचारा, घरी काय बोलता? ‘लाहौली’ म्हणाल्या तर हळूच पुढचं विचारा: कुठली लाहौली?