मागून बसलेली गाडी

[दृश्य: पहाट. मार्केट यार्डाबाहेर कांद्याच्या गोण्या भरलेल्या गाड्यांची रांग.]

डिसेंबर महिना. हैदराबाद रोडवर, सोलापूरच्या मार्केट यार्डाबाहेर कांद्याच्या गाड्या लागल्यात. मंद्रूपहून, बोरामणीहून, मोहोळहून. रांगेच्या कडेला उभं राहिलं की गाडीचं वय नंबरप्लेट न बघताही कळतं. जुन्या पिकअपचं तोंड आभाळाकडं, बूड रस्त्याला. तिच्या हेडलाइटचा झोत समोरून येणाऱ्याच्या थेट डोळ्यांत.

ही टाटा २०७ पिकअप त्यातलीच. कांदा उतरला, हौदा रिकामा झाला, तरी मागून उठली नाही. म्हणून आता ती पाटेवाल्याच्या, म्हणजे गाडीचे कमानी पाटे (लीफ स्प्रिंग) दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींच्या, दारात आलीय.

"मामा, मागनं दोन इंच उचलून द्या की."

"उचलू की मालक. पण बसली कशानं, ते तर बघू आधी."

[दृश्य: मिस्त्री टेप घेऊन चाकापाशी बसतात.]

माप जमिनीपासून घ्यायचं नाही. टायरमध्ये हवा कमी असली तर ते माप फसवतं. चाकाच्या मधोमधपासून सरळ वर, मडगार्डच्या कडेपर्यंत टेप धरायचा. गाडी सपाट जागेवर, रिकामी. डावीकडं, उजवीकडं, दोन्हीकडं. एकाच बाजूला फरक निघाला, तर तिथं पाटा तुटलेला असण्याची शक्यता मोठी. तुटलेल्या पाट्यावर उंची चढवणं म्हणजे मोडक्या खाटेखाली विटा लावणं.

या गाडीत फरक दोन्हीकडं सारखा निघाला. पाटे तुटलेले नाहीत, कमान उतरलीय, म्हणजे त्यांचा बाक कमी झालाय. शॅकलचे, म्हणजे पाट्याचं एक टोक चेसीला जोडणाऱ्या हलत्या कडीचे, रबरी बुश मात्र पार खाल्लेले. मिस्त्रींनी पहारेनं शॅकल हलवून दाखवला, मालक नुसते "अगा" म्हणाले.

आता उचलायचं कसं? सगळ्यात स्वस्त उपाय ठोकळा. पाटा एक्सलच्या वर बसलेला असेल, तर दोघांच्या मध्ये लोखंडी ठोकळा घालायचा, पाटा एक्सलशी आवळून धरणारे यू बोल्ट लांब लावायचे, झालं. तासा-दोन तासांचं काम. मऊपणा तोच राहतो, कारण पाट्याला हातच लागत नाही. पण ठोकळा जितका उंच, तितका एक्सलला पाटा पिळायला जोर जास्त मिळतो. भरल्या गाडीनं चढाला पहिला गिअर टाकला, की पाट्याला नागमोडी वळण पडतं आणि मागून धडधड येते. इंच-दीड इंचाचा एकसंध ठोकळा रिकाम्या धावणाऱ्या गाडीला चालून जातो. ठोकळ्यावर ठोकळा मात्र कधीच नाही. लाकडाचा तर नाहीच. पुढच्या एक्सलखाली तर ठोकळ्याचं नावही काढायचं नाही, कारण तिथं ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्हींचा ताण येतो.

दुसरा उपाय लांब शॅकल. इथं हिशोब फसतो. शॅकल दोन इंचांनी लांब केला तर गाडी उठते साधारण एकच इंच, कारण पाट्याचं एकच टोक खाली जातं. शिवाय एक्सल थोडा फिरतो, इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडं नेणाऱ्या प्रॉपलर शाफ्टचा कोन बदलतो आणि त्याच्या सांध्यातला क्रॉस लवकर खडखडायला लागतो. आमच्या मते हा उपाय लोक जरा जास्तच करतात. दुकानात तयार मिळतो म्हणून.

तिसरा, जादा पाटा. संचात एक पाटा वाढवायचा. गाडी उठते, भार पेलायचा दमही वाढतो. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतून रोज टॉवेलच्या गाठी भरून निघणारी गाडी असेल, तर हे बरोबर. पण आपली २०७ यार्डाकडं भरून येते आणि गावाकडं रिकामी जाते. काळ्या रानातल्या, पावसानं चर पडून वाळलेल्या वाटेवरून. तेव्हा तोच जादा पाटा कमरेला कळतो. चालकाच्याही, गाडीच्याही.

[दृश्य: भट्टी. लाल झालेला पाटा सांडशीत.]

आणि चौथा, जुन्यातला जुना. पाटे खोलून पुन्हा कमान देणं. पाट्याचं पोलाद सिलिकॉन-मँगनीजचं, साधं लोखंड नव्हे. त्याची लवचीकता उष्णतेवर ठरते. ८५० अंशांच्या आसपास लाल तापवायचा, आकार द्यायचा, तेलात बुडवायचा, मग साडेचारशे-पाचशे अंशांवर पुन्हा तापवून पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, थोडं उतरवायचं. हे शेवटचं राहिलं तर पाटा काचेसारखा तुटतो. तेलात न बुडवता नुसता तापवून ठोकला तर मऊ पडतो आणि काही महिन्यांत परत बसतो. "ठोकून घेतलं, टिकलं नाही" ही तक्रार बहुतेक वेळा याच अर्धवट कामाची असते. काही मिस्त्री म्हणूनच भट्टी न लावता गार पाट्यालाच घणानं थोडी थोडी कमान देतात. मूळचं पाणी शाबूत राहतं, पण उंची बेताचीच मिळते.

मिस्त्रींनी पाटे एकेक करून उजेडात धरले. खालचे दोन मधोमध झिजलेले. त्यांना कमान देण्यात अर्थ नव्हता. ठरलं असं : ते दोन नवे, बाकीच्यांना पाणी देऊन कमान, बुश नवे आणि वरून हेल्पर पाटा. हेल्पर रिकाम्या गाडीत टेकतच नाही. गोण्या पडल्या, संच दबला, की मगच तो भार घेतो. येताना दम, जाताना मऊपणा. या गाडीला हवं होतं ते नेमकं हेच.

यू बोल्ट मात्र सगळे नवे. एकदा ताणलेला यू बोल्ट पुन्हा तसा धरत नाही.

[दृश्य: गाडीखालून कॅमेरा. ब्रेकचा रबरी पाइप.]

गाडी उठली की खाली अजून तीन गोष्टी बघाव्या लागतात. चाक खाली लोंबकळतं तेव्हा ब्रेकचा पाइप ताणला जातोय का. शॉकअपची लांबी पुरतेय का. आणि काही पिकअपना एक्सलला दांडी जोडलेला, भाराप्रमाणं मागचा ब्रेक कमी-जास्त करणारा लोड सेन्सिंग वॉल्व्ह असतो. उंची बदलली की त्या वॉल्व्हला वाटतं गाडी रिकामी आहे, आणि तो मागचा ब्रेक कमी करतो. गाडीत मात्र ५० किलोच्या गोण्या थप्पीनं.

आणि गाडी उठली म्हणून तिची वजन नेण्याची मंजुरी वाढत नाही. चेसी तीच, एक्सल तोच, ब्रेक तेच. मूळ उंची परत आणणं ही दुरुस्ती. त्याच्या पुढं जाऊन आरसीवरच्या नोंदीशी न जुळणारा बदल केला, तर मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम आडवं येतं.

[दृश्य: संध्याकाळ. गाडी जॅकवरून खाली येते. मिस्त्री पुन्हा टेप लावतात.]

दोन्ही बाजू सारख्या. मालकांनी चाकाच्या हवेचे पैसे वेगळे दिले, दुकानातल्या पोरानं नको म्हटलं तरी.

"पाचशे किलोमीटर झाले की या परत. यू बोल्ट आवळायचेत."

"कांदा संपला की येतो मामा."

"कांद्याआधी या, मालक."