अर्धं वाक्य तुमचं, अर्धं आमचं

अध्यक्ष, आणि या थंडीत खायला सराफ्याकडे न वळता इथे आलेले इंदूरकर, नमस्कार.

पत्रिकेवर विषय छापलाय ‘कॅथलिक भक्ती आणि घराचं वळण’. मुद्दे चार: जपमाळ, जेवणाआधीची प्रार्थना, रात्रीचा आढावा आणि क्षमा. पहिल्यावरच बराच वेळ जाणार, हे आधीच कबूल करतो. कॅथलिकांत कबुलीला फार महत्त्व आहे.

साठीच्या पुढच्यांना परवचा आठवत असेल. दिवेलागणीला शुभंकरोति, रामरक्षा, मग पाढे, पावकी-निमकी. मोठे बसवणार, लहान म्हणणार. आजोबांनी नातवासमोर अडीचकीचा पाढा म्हणून दाखवल्याचं मात्र कुणी सांगत नाही! कॅथलिक घरातल्या संध्याकाळच्या प्रार्थनेत नेमकं उलटं घडतं, आणि माझा सगळा जीव त्या उलटेपणात आहे.

आधी त्या प्रार्थनेची माळ बघा. आपल्या माळेत १०८ मणी, हिच्यात ५९. क्रुसावर प्रेषितांचा विश्वासांगीकार, म्हणजे आपण काय मानतो ते सांगणारी प्रार्थना. मग क्रुसापासून पदकापर्यंतच्या शेपटीवर एक मोठा मणी, त्यावर ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’. तीन लहान, त्यांवर तीनदा मरियेची प्रार्थना, श्रद्धा, आशा आणि प्रीती यांसाठी. मग पुन्हा एक मोठा. तिथून पदकापाशी आलात की गोल सुरू होतो. दहा-दहा लहान मण्यांची पाच दशकं, मध्ये चार मोठे मणी. लहान ५३, मोठे ६. नवखा माणूस हमखास अडतो तो इथे: दशकं पाच, मग गोलात मोठे मणी चारच कसे? पहिल्या दशकाचा मोठा मणी शेपटीवरचा दुसरा. तो विसरला की माणूस पदकापाशी येऊन बावचळतो.

दर दशकाला येशू-मरियेच्या आयुष्यातला एक प्रसंग मनात धरायचा, त्याला रहस्य म्हणतात. सोमवारी आणि शनिवारी आनंदाची रहस्यं, मंगळवारी-शुक्रवारी दुःखाची, बुधवारी-रविवारी गौरवाची. गुरुवारची प्रकाशाची रहस्यं २००२ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी सुचवली. त्याआधी तीन संच होते, पंधरा दशकं, दीडशे वेळा मरियेची प्रार्थना, कारण बायबलमधली स्तोत्रंही दीडशे. ज्यांना स्तोत्रं वाचता येत नसत त्यांची ही पोथी, असंच म्हणा ना.

आता मुख्य गोष्ट. वसईत ही प्रार्थना मराठीत चालते, आपल्या इंदुरात बहुतेक हिंदीत. ‘प्रणाम मरिया, कृपापूर्ण’ इथपासून ‘येसु’पर्यंत पहिला अर्धा भाग. तो लूकच्या शुभवर्तमानातला, गॅब्रिएल दूताचं आणि मरियेच्या नात्यातल्या अलिशिबेचं अभिवादन जोडून झालेला. ‘हे संत मरिया’पासून दुसरा अर्धा भाग, ती विनवणी, तिचं आजचं रूप १५६८ सालच्या रोमन प्रार्थनापुस्तकात पक्कं झालं. घरात म्हणताना पहिला भाग एकजण म्हणतो, दुसरा बाकी सगळे. म्हणजे पुढारी कितीही मोठा असो, त्याचं वाक्य दुसऱ्यांनी पुरं केल्याशिवाय त्याला पुढच्या मण्यावर सरकता येत नाही.

आणि पुढारी दर दशकाला बदलतो. पाच दशकं, पाच माणसं. घरात चौघंच असतील तर आजीला दोनदा. सात वर्षांच्या मुलालाही एक दशक द्यायचं, शेवटचं नाही, तोवर तो झोपतो. पहिलं किंवा दुसरं. त्याच्या दहा मण्यांपुरते आजोबा ‘बाकीचे’ होतात. दिवसभर हुकूम सोडणारा माणूस नातवाचं अर्धं वाक्य संपायची वाट बघतो. वाट बघणं वडिलधाऱ्यांना शिकवणारा दुसरा घरगुती उपाय निदान मला ठाऊक नाही. (हशा) हसताय, पण पहिल्या रांगेतले आजोबा हसलेले दिसत नाहीत.

बिघडतं कुठे तेही सांगतो. पहिला बिघाड वेगाचा. ऐकणारे पुढाऱ्याचा शेवट खातात, पुढारी त्यांचं ‘आमेन’ खातो, आणि चौथ्या दशकात घराची रेल्वे होते. पहिला भाग ‘येसु’ या नावाने संपतो, तिथे जराशी मान झुकवायची जुनी रीत आहे. भक्ती तर ती आहेच, पण ब्रेकही तोच. एका मण्याला पंधराएक सेकंद धरा, ५३ मण्यांचे सव्वातेरा मिनिटं, बाकीचं धरून अठरा-वीस. दहा मिनिटांत उरकलीत तर कुणीतरी कुणाचं तरी वाक्य खाल्लंय.

दुसरा बिघाड मोजणीचा. प्रत्येकाच्या हातात माळ, कुणाचे नऊ झाले, कुणाचे अकरा. नियम सोपा: ज्याचं दशक, त्याचीच माळ खरी. भर प्रार्थनेत दुरुस्ती नाही. ज्याच्याकडे माळ नाही त्याला दहा बोटं आहेत.

तिसरा बिघाड शेपटाचा. माळ संपली की जोडण्या सुरू: आजीच्या गुडघ्यासाठी एक, दादाच्या परीक्षेसाठी एक, शेजाऱ्यांच्या बोअरिंगला पाणी लागावं म्हणून एक. मारुतीचं शेपूट! मुलं पळतात ती माळेला कंटाळून नव्हे, या शेपटाला कंटाळून. म्हणून हेतू आधी सांगायचे, प्रत्येकाने आपल्या दशकापूर्वी एक, एका वाक्यात. मुलाच्या मनात काय चाललंय ते आईबापांना बऱ्याचदा तिथेच कळतं. आणि त्यावर लगेच प्रवचन देऊ नये. दिलंत तर उद्यापासून तो ‘जगात शांती नांदो’ एवढंच मागेल.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. आणि माझे तीन मुद्दे अजून पिशवीतच आहेत.

जेवणाआधीची प्रार्थना: अर्ध्या मिनिटाची, ‘वदनि कवळ घेता’ तुम्हाला माहीतच आहे. फायदा एवढाच की सगळे बसेपर्यंत कुणी घास घेत नाही, वाढणारीसुद्धा बसते. ती उभी असेल तर प्रार्थना सुरू करायची नाही.

रात्रीचा आढावा: संत इग्नेशियस लोयोला यांची पद्धत, पायऱ्या पाच. आभार माना, प्रकाश मागा, दिवस उलगडून बघा, क्षमा मागा, उद्याचा एक निश्चय करा. फक्त एक. आणि आढावा स्वतःचा घ्यायचा, बायकोचा नाही.

आणि क्षमा. कृपा करून, धन्यवाद, माफ कर: घरात हे तीन शब्द हवेतच, असं पोप फ्रान्सिस यांनी २०१६ च्या कुटुंबावरच्या पत्रात पुन्हा सांगितलं. त्यातला तिसरा जड. ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’मध्ये क्षमेला अट जोडलेली आहे: आम्ही सोडतो तसं तूही सोड. जुन्या मराठी बायबलात तिथे शब्द ‘ऋण’ आहे. एका माळेत ही अट सहा वेळा स्वतःच्या तोंडाने म्हणावी लागते.

ती पाळली तर काय होतं, हे इंदूरला बाहेरून शिकायला नको. कॅथलिक धर्मभगिनी सिस्टर रानी मारिया उदयनगरहून इंदूरला यायला बसमध्ये बसल्या, तारीख २५ फेब्रुवारी १९९५, आणि वाटेत त्यांची हत्या झाली. ४ नोव्हेंबर २०१७ ला याच शहरात त्यांना धन्य, म्हणजे संतपदाच्या आधीच्या पायरीवरच्या, घोषित केलं गेलं, तो सोहळा तुमच्यापैकी काहींना आठवत असेल. मधली गोष्ट कमी जणांना माहीत असते. त्यांची धाकटी बहीण, तीही सिस्टरच, तुरुंगात गेली आणि शिक्षा भोगणाऱ्या त्या मारेकऱ्याच्या मनगटाला तिने राखी बांधली. घरच्यांनी त्याच्या सुटकेसाठी सरकारकडे अर्ज केले. २००६ मध्ये तो सुटला. पुढे तो केरळात त्यांच्या आईच्या दारी गेला, आणि तिने त्याला घरात घेतलं.

घंटा झाली. माळ मागच्या टेबलावर ठेवली आहे, मणी मोजून बघा.