कचरा नेमका कुठे अडकतो : जुन्या मोटारसायकलच्या कार्ब्युरेटरची सफाई

नमस्कार. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ हा प्रदूषणाचा नियम लागू झाला आणि जवळपास सगळ्या नव्या मोटारसायकलींत फ्यूएल इंजेक्शन आलं. पण कार्ब्युरेटरवर, म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनला देणाऱ्या भागावर, चालणाऱ्या जुन्या बुलेट, आरएक्स १००, स्प्लेंडर अजून रस्त्यावर आहेत आणि त्यांच्या तक्रारींत पहिली तक्रार एकच असते : ‘कार्ब्युरेटरमध्ये कचरा आलाय.’ निदान बहुतेक वेळा बरोबर असतं. उपाय मात्र अर्धाच होतो. खालची वाटी उघडायची, जेटला, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकाच्या पितळी तुकड्याला, फुंकर मारायची, वाटी लावायची. आठवडाभर गाडी बरी चालते, मग पुन्हा तेच. असं का होतं हे समजायला कचरा कुठे बसतो ते आधी पाहिलं पाहिजे.

टेबलावरचा हा मिककार्ब कार्ब्युरेटर, जुन्या बुलेटला येतो तो, मिकुनी या जपानी कंपनीच्या व्हीएम जातीचा. यात थ्रॉटलबरोबर एक गोल स्लाइड वर-खाली होते आणि तिला नीडल, म्हणजे निमुळती सुई, लटकलेली असते. थ्रॉटल पाव उघडेपर्यंत इंजिनला पेट्रोल मुख्यतः पायलट जेटमधून मिळतं आणि त्या टप्प्याच्या शेवटी स्लाइडच्या तिरप्या कापाचा परिणाम दिसू लागतो. पाव ते पाऊण थ्रॉटलमध्ये नीडल आणि नीडल जेटचं राज्य. पाऊणच्या पुढे मेन जेट. म्हणून पाना हातात घेण्याआधी गाडी चालवून बघा. चोक ओढल्याशिवाय चालू होत नाही, सिग्नलला बंद पडते, थ्रॉटल हळू उघडताना अडखळते पण जोरात पळताना ठीक, असं असेल तर दोष पायलट मार्गात. स्लो छान, पण घाटात पूर्ण थ्रॉटल दिला की दम तोडते, तर मेन जेट, नाहीतर टाकीतून पेट्रोलच कमी येतंय. उभ्या गाडीतून पेट्रोल गळतंय, तर फ्लोटची, म्हणजे वाटीत तरंगून पेट्रोलची पातळी राखणाऱ्या भागाची, नीडल बसत नाही. याच्याशी गल्लत होते ती हवा धरण्याची. कार्ब्युरेटर आणि इंजिन यांच्यामधलं रबर तडकलं की थ्रॉटल सोडल्यावरही रेस लवकर उतरत नाही. ते रबर बदलल्याशिवाय सफाईचा काही उपयोग नाही. टू-स्ट्रोकवाल्यांनी मेन जेटच्या लक्षणाकडे अजिबात काणाडोळा करू नये. आरएक्स १०० ला पूर्ण थ्रॉटलवर पेट्रोल कमी पडलं की मिश्रण पातळ होतं, पिस्टन तापतो आणि जॅम होतो.

आता उघडण्याकडे वळू. जागा मोकळी आणि हवेशीर हवी. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरते, त्यामुळे जवळपास गॅसची शेगडी, बिडी, ठिणगी नको. पेट्रोल कॉक बंद करा आणि वाटीच्या तळाचा ड्रेन स्क्रू सैल करून आतलं पेट्रोल काचेच्या स्वच्छ बाटलीत घ्या. हे पेट्रोल फेकू नका, पाच मिनिटं स्थिर ठेवून बघा. तळाशी तांबूस भुकटी म्हणजे टाकीतला गंज. तळाशी वेगळा थर किंवा थेंब म्हणजे पाणी. पिवळट, आंबूस वासाचं पेट्रोल म्हणजे गाडी बरेच महिने उभी होती. तीन प्रकारचा कचरा आणि तीन वेगळे उपाय.

वरचं झाकण फिरवलं की स्लाइड, स्प्रिंग आणि नीडल केबलसकट बाहेर येतात. नीडलची क्लिप वरून कितव्या खाचेत आहे ते फोटो काढून ठेवा. वाटीचे स्क्रू मऊ असतात आणि जपानी बनावटीच्या कार्ब्युरेटरवर ते बऱ्याचदा जपानी मापाचे, म्हणजे जेआयएस असतात. साधा फुली स्क्रू ड्रायव्हर त्यांत नीट बसत नाही आणि डोकं छिलून जातं. फ्लोटची पिन ठोकून काढू नका. ती ज्या दोन खुंट्यांत बसते त्यांपैकी एक मोडली की बॉडी बाद. जेटला त्याच्या खाचेइतक्याच रुंदीचा स्क्रू ड्रायव्हर लावा. जेट पितळेचे, बॉडी मऊ मिश्रधातूची, त्यामुळे जास्त जोर लावला की आटे जातात.

बाजूचा मिश्रणाचा स्क्रू काढण्याआधी तो अलगद आत टेकेपर्यंत फिरवा, किती फेरे आत गेला ते लिहा आणि मगच बाहेर काढा. टेकल्यावर आवळलात तर त्याचं टोक आणि बसण्याची जागा दोन्ही बिघडतात. त्याच्या मागे बारीक स्प्रिंग, काही कार्ब्युरेटरांत वॉशर आणि ओ-रिंग, म्हणजे बारीक रबरी कडंही असतं. ही ओ-रिंग आतच चिकटून राहते आणि पुढच्या स्प्रेमध्ये फुगून तोच मार्ग बंद करते.

खरा घोळ पायलट मार्गात असतो. पायलट जेटचं भोक मिलिमीटरच्या निम्म्याहूनही लहान. पेट्रोलचा हलका भाग उडून गेला की मागे चिकट, पिवळट थर उरतो आणि तो इथे सगळ्यात आधी बसतो. जेट उजेडाकडे धरून बघा, भोक पूर्ण गोल दिसलं पाहिजे. नुसता उजेड दिसणं पुरेसं नाही. कडेला थर असला तरी उजेड दिसतोच. जेटच्या अंगावरची आडवी बारीक भोकं हवा मिसळण्यासाठी असतात, तीही मोकळी हवीत. आत घालायला लवचिक विजेच्या वायरमधली तांब्याची एक तार घ्या. ती साधारण ०.२ मिमी असते आणि पितळेपेक्षा मऊ. टाचणी, सुई, पोलादी तार नको. भोक किंचित मोठं झालं तरी मिश्रण कायमचं बदलतं आणि ते डोळ्यांना दिसत नाही.

पण जेट साफ होणं म्हणजे मार्ग साफ होणं नव्हे. पायलटचा मार्ग बॉडीच्या आतून जातो आणि स्लाइडच्या खाली दोन बारीक भोकांत उघडतो : एक स्लोसाठी, दुसरं थ्रॉटल नुकता उघडताना लागणारं. शिवाय एअर फिल्टरच्या बाजूच्या तोंडाशी त्या मार्गाला हवा देणारं आणखी एक भोक. हे मार्ग काढून हातात घेता येत नाहीत, म्हणूनच ते राहून जातात. सगळं रबर आणि प्लॅस्टिक काढल्यावर, डोळ्यांवर चष्मा लावून, कार्ब क्लीनरची नळी पायलट जेटच्या भोकात धरा आणि दाबा. फवारा मिश्रणाच्या स्क्रूच्या भोकातून, स्लाइडखालच्या दोन्ही भोकांतून आणि हवेच्या भोकातून असा सगळीकडून बाहेर आला पाहिजे. एकेक भोक बोटाने बंद करून बाकीचं तपासा. एका ठिकाणी धार नाही म्हणजे तिथेच गाठ आहे. क्लीनर भरून दहा-पंधरा मिनिटं मुरू द्या, उलट्या बाजूने फवारा मारा आणि मग कंप्रेसरची हवा.

कशाने धुवायचं यावर मतं भरपूर आहेत. रॉकेलने तेलकट मळ जातो, वाळलेला थर जात नाही. थिनर आणि ॲसिटोनने तो सुटतो, पण ओ-रिंग, फ्लोट, नीडलचं रबरी टोक यांची वाट लागते. लिंबू-व्हिनेगरने पितळ चकचकीत होतं म्हणून लोक अख्खी बॉडी त्यात बुडवतात. ते करू नका, आम्ल बॉडीचा मिश्रधातू खातं आणि पांढरी भुकटी उलट त्याच मार्गांत जाऊन बसते. गॅरेजमध्ये अल्ट्रासोनिक मशिन असेल तर कोमट द्रावणात दहा-पंधरा मिनिटं पुष्कळ झाली, मात्र नंतर स्वच्छ पाण्याने धुऊन लगेच हवेने कोरडं करायला हवं.

जेट बदलायचा असेल तर अंगावरचा आकडा वाचा. केहिनच्या मेन जेटचा आकडा भोकाचा व्यास सांगतो, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. मिकुनीच्या षटकोनी मेन जेटचा आकडा पेट्रोलच्या प्रवाहावरून ठरतो. त्यामुळे एका कंपनीचा ९० आणि दुसरीचा ९० एकच नव्हेत. बाजारातल्या स्वस्त किटमधल्या जेटांपेक्षा मूळ जेट साफ करून वापरणं बरं. किटमधून गॅस्केट आणि ओ-रिंग घ्या.

फ्लोटच्या नीडलच्या टोकावर गोल चर पडला असेल तर ती बदलाच. बसण्याची जागा कापसाच्या काडीने पुसा. फ्लोट कानाशी हलवून बघा, आत पेट्रोल खळखळत असेल तर तो जड झालाय. गरम पाण्यात बुडवल्यावर बुडबुडे जिथून येतात तिथे चीर. पितळी फ्लोट झाळता येतो, पण डाग मारण्याआधी आतलं पेट्रोल पूर्ण काढा. प्लॅस्टिकचा बदला. उंची मॅन्युअलप्रमाणे मोजताना गॅस्केट काढलेलं असावं आणि फ्लोटची पट्टी नीडलच्या स्प्रिंगला नुसती टेकलेली असावी, दाबलेली नव्हे.

जोडताना स्लाइडचा तिरपा काप एअर फिल्टरकडे आणि बाजूची खाच बॉडीतल्या पिनवर. उलटी बसवली तर किक मारताच इंजिन पूर्ण रेस घेऊ शकतं. म्हणून चालू करण्याआधी थ्रॉटल उघडून सोडा. स्लाइड ‘टक्’ असा आवाज करून खाली बसली पाहिजे, हँडल दोन्ही बाजूंना वळवूनही.

मिश्रणाचा स्क्रू लिहिलेल्या फेऱ्यांवर ठेवा, आकडा हरवला असेल तर दीडवर. दहा मिनिटं गाडी चालवून इंजिन गरम करा, मग रेस सगळ्यात जास्त आणि एकसारखी होईल तिथे स्क्रू थांबवा आणि स्लोच्या स्क्रूने रेस खाली आणा. स्क्रूची दिशा सगळ्या गाड्यांना एक नसते. तो एअर फिल्टरकडच्या बाजूला असेल, जसा या मिककार्बला, तर तो हवा मोजतो, बाहेर काढला की मिश्रण पातळ. इंजिनकडच्या बाजूला असेल तर तो पेट्रोल सोडतो, बाहेर काढला की मिश्रण जाड. हे न बघता फिरवणारे मेकॅनिक कमी नाहीत. पेट्रोलचा स्क्रू तीन-चार फेरे बाहेर काढल्यावरच, किंवा हवेचा स्क्रू जवळपास पूर्ण आत घेतल्यावरच इंजिन स्लोवर टिकत असेल, तर पायलट मार्ग अजून तुंबलेला आहे. पुन्हा उघडा.

राहिली टाकी. बाटलीत तांबूस भुकटी दिसली असेल तर कॉक काढून त्याची जाळी धुवा, टाकी आतून साफ करा आणि नळीत छोटा फिल्टर बसवा. पाणी दिसलं असेल तर टाकीच्या झाकणाचं गॅस्केट बघा, पावसाळ्यात पाणी तिथूनच शिरतं. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते पाणी ओढून घेतं आणि प्रमाणाबाहेर झालं की पाणी-इथेनॉलचा थर तळाशी वेगळा होतो. कॉकचं रिझर्व्हचं तोंड तिथेच असतं. जुन्या नळ्या आणि ओ-रिंगही या पेट्रोलने फुगतात किंवा तडकतात, त्या इथेनॉल सोसणाऱ्या घ्या. गाडी दोन-तीन आठवड्यांहून जास्त उभी राहणार असेल तर कॉक बंद करून वाटी रिकामी करा.

आणि एवढं करूनही गाडी दहा-बारा किलोमीटरवर बंद पडून थोड्या वेळाने पुन्हा चालू होत असेल, तर कार्ब्युरेटर उघडण्याआधी टाकीचं झाकण उघडा. ‘फुस्स’ असा आवाज आला तर झाकणातलं हवेचं भोक बुजलं आहे.